क्रँक कोणाकडे बांधावा : देवबागच्या एका जेट स्कीचे प्रकरण

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात, जलक्रीडांचा हंगाम संपायला जेमतेम आठ-दहा दिवस उरलेले असताना, मालवणजवळच्या देवबागला पर्यटकांना फेऱ्या मारणाऱ्या माझ्या मावसभावाच्या दोन जेट स्कींपैकी जुनी स्की किनाऱ्याला लावावी लागली. जेट स्की हे खरे तर कावासाकी कंपनीचे व्यापारनाम आहे, पण आपल्या किनाऱ्यावर कोणत्याही कंपनीच्या वॉटर स्कूटरला हाच शब्द आहे. ही स्की यामाहाची वेव्हरनर एक्सएल ७००, तिसऱ्या हाताने घेतलेली. तिच्यात ७०१ सीसीचे, ८१ मिमी बोअर आणि ६८ मिमी स्ट्रोक असलेले दोन सिलिंडरांचे टू-स्ट्रोक इंजिन आहे. इंजिन दणकट आहे आणि त्याचे भाग जगभर अजून मिळतात. म्हणूनच ते मोडीत न काढता दुरुस्त करावे असा विचार सुरू झाला.

त्याआधीच्या रविवारी कर्ली नदी समुद्राला मिळते त्या संगमाजवळ एक नवखा चालक वळणात स्कीसकट उलटला, आणि सरळ करताना स्की चुकीच्या बाजूने फिरवल्यामुळे खारे पाणी इंजिनात शिरले. पोरांनी प्लग काढून पाणी उडवले, इंजिन चालू करून पाच मिनिटे फिरवले आणि चालले म्हणून समाधानाने बाजूला लावले. गर्दी दुसऱ्या स्कीवर निभावली. चार दिवसांनी ही स्की पुन्हा पाण्यात उतरली, तेव्हा दुसऱ्याच फेरीत तिच्यावरचा एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा परत आला आणि एवढेच म्हणाला, "इंजिनाचो आवाज बदललो." त्याने त्या क्षणी इंजिन बंद केले, हे या साऱ्या प्रकरणातले सर्वांत मोलाचे काम होते असे मी आजही मानतो, कारण आणखी दहा मिनिटे चालवले असते तर पिस्टनला क्रँकशी जोडणारा रॉड तुटून इंजिनाच्या केसला भोक पडले असते आणि क्रँक, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली हालचालीने गोल फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा, कोणाकडे द्यावा हा प्रश्नच उरला नसता.

मी यंत्रशाळेत मापनाचे काम करतो. इंजिने बांधणे हा माझा धंदा नाही, पण केसाहून बारीक फरक काट्यावर दाखवणारा डायल गेज हातात असतो, म्हणून भावाने मला बोलावले.

काय बिघडले होते

सिलिंडर उतरवल्यावर पुढचा रॉड ठीक वाटला. मागच्या, म्हणजे पंपाकडच्या सिलिंडरचा रॉड वरच्या बिंदूला आणून सरळ वर-खाली ओढला, तर बोटांना बारीकशी टकटक लागली. इथे अनेकांची फसगत होते. रॉडला आडवा प्ले असतोच, तो असायलाच हवा, आणि तो बघून कित्येक जण चांगला क्रँक बाद ठरवतात. उलट उभा प्ले मात्र केसभर जाणवला तरी रॉडच्या मोठ्या, म्हणजे क्रँककडच्या टोकाचे निडल (बारीक सुयांचे) बेअरिंग संपले असे धरावे. रॉड फिरवताना वाळू चिरडल्यासारखी खरखर येत होती.

पुढे क्रँक उघडल्यावर जे दिसले ते इथेच सांगतो. क्रँकपिनवर, म्हणजे रॉड ज्या पिनेवर फिरतो तिच्यावर, बेअरिंगच्या सुया जितक्या अंतरावर असतात नेमक्या तितक्याच अंतरावर, तपकिरी रेघा उमटलेल्या होत्या, जणू कोणी फुटपट्टी ठेवून आखल्या असाव्यात. त्या चार दिवसांत उभ्या असलेल्या इंजिनात प्रत्येक सुई पिनवर जिथे टेकली होती तिथे खाऱ्या पाण्याचा ओलावा धरून राहिला आणि तिथेच गंज बसला. नखाने चाचपले तर रेघ लागत होती. म्हणजे नुकसान रविवारच्या उलटण्याने झाले नव्हते. ते उलटल्यानंतरच्या चार दिवसांत, शेडमध्ये, तेल न मारता ठेवलेल्या इंजिनात झाले.

'क्रँकचे काम' या एका शब्दात दोन धंदे

कारागीर शोधताना पहिली अडचण शब्दाचीच आली. आपल्याकडे क्रँकचे काम म्हटले की गॅरेजवाल्याच्या डोळ्यांसमोर ट्रकचा, ट्रॅक्टरचा किंवा मच्छीमार बोटीच्या डिझेल इंजिनाचा क्रँक येतो. तो एकाच घडीव तुकड्याचा असतो. त्याचे जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग, झिजले की ग्राइंडिंग करून लहान करायचे आणि त्या मापाची बेअरिंगे घालायची, हा तो धंदा. किनाऱ्यावर आणि घाटावर तो उत्तम करणारे लोक आहेत.

जेट स्कीच्या टू-स्ट्रोक इंजिनाचा क्रँक मात्र जोडलेला असतो. जड पोलादी चकत्यांमध्ये पिना प्रेसखाली दाबून बसवलेल्या असतात, आणि पिनेचा व्यास भोकापेक्षा काही शतांश मिलिमीटर मोठा असल्यामुळे केवळ त्या घट्टपणावर सगळा डोलारा उभा असतो. चावी नाही, नट नाही. रॉड अखंड असल्यामुळे तो बदलायचा तर क्रँक उघडलाच पाहिजे. मधली बॉल बेअरिंगेही क्रँक न उघडता निघत नाहीत. शिवाय सुया थेट पिनेच्या कठीण केलेल्या पृष्ठभागावर धावतात. हा कठीण थर पातळ असतो, म्हणून पिन ग्राइंड केली की खालचे मऊ पोलाद उघडे पडते, आणि लहान झालेल्या पिनेला बसतील अशा सुयाही मिळत नाहीत.

जवळच्या शहरातल्या पहिल्या दुकानात नेमके हेच करायची तयारी होती. माणूस भला होता, बोटींच्या इंजिनांत त्याचा हात बसलेला होता, आणि त्याने अगदी मनापासून सांगितले की पिनेवर धातूचा थर चढवून, घासून, चारही सांध्यांना वेल्डिंग मारून देतो. दर सर्वांत कमी होता. त्याच्या प्रामाणिकपणाविषयी मला शंका नव्हती, पण तो दुसऱ्या धंद्यातला माणूस होता, आणि काम नाकारायला तेवढेच कारण पुरेसे होते.

भावाचा कल वेगळा होता. अमेरिकेत जुना क्रँक जमा करून त्याच्या बदल्यात तयार बांधलेला क्रँक देण्याची पद्धत रुळलेली आहे. जुन्या क्रँकपोटी अनामत घेतात आणि तो परत पोचला की ती सोडतात. तिथे स्की पुष्कळ असतात, मोठ्या संख्येने हेच काम चालते, त्यामुळे ही सोय त्यांना परवडते. आमच्या बाबतीत हिशेब उलटा पडत होता. येण्याचे भाडे आणि सीमाशुल्क धरून किंमत वापरलेल्या स्कीच्या किमतीच्या निम्म्याजवळ जात होती, जुना क्रँक परत पाठवण्याचे भाडे अनामतीएवढे होत होते, आणि हमीच्या अटींत पाणी शिरणे व तेल कमी पडणे वगळलेले होते. तेवढे वगळल्यावर हमीत जे उरते त्यासाठी क्रँक समुद्रापार पाठवून महिनाभर वाट पाहायची, याला हमी म्हणणे मला जमेना. कंपनीचा नवा क्रँक त्याहून महाग. तो विषय एका फोनमध्ये संपला.

आरडी बांधणारा माणूस

तोडगा इंजिनाच्या रचनेतच होता. दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, प्रेसने जोडलेला क्रँक, दोन्ही पिना एकमेकींपासून १८० अंशांवर: हे वर्णन महाराष्ट्रातल्या जुन्या मोटरसायकल मिस्त्रीला सांगितले तर तो जेट स्कीचे नावही काढणार नाही, तो म्हणेल आरडी. यामाहाची आरडी ३५० एस्कॉर्ट्सने १९८०च्या दशकात राजदूत ३५० म्हणून भारतात बनवली, आणि तिचे शौकीन अजून ती जिवापाड सांभाळतात. तिचा क्रँक लहान असतो, पण बांधण्याची विद्या तीच. आरएक्स १०० चा क्रँक बांधणारे गावोगावी सापडतात. एका सिलिंडरच्या क्रँकमध्ये मात्र दोन पिनांचा कोन जुळवण्याचा प्रश्न येत नाही. म्हणून शोध आरडी बांधणाऱ्याचा घ्यायचा असे ठरवले आणि फोन फिरवायला सुरुवात केली.

फोनवर मी प्रत्येकाला एकच प्रश्न आधी विचारत होतो: बांधून झाल्यावर क्रँक किती आउट चालतो, म्हणजे फिरताना सरळ रेषेपासून किती ढळतो, आणि ते कुठे धरून मोजता? एकाने ताबडतोब "दोन शतांश" (मिलिमीटरचे) असे उत्तर दिले. डायलच्या काट्याचा पूर्ण झोल दोन शतांश की त्याचा निम्मा, असे विचारल्यावर तो घोटाळला. हा बारकावा क्षुल्लक नाही. शाफ्ट एका बाजूला दोन शतांश सरकलेला असेल तर एका फेऱ्यात काटा चार शतांश हलतो; कोणी पूर्ण झोल सांगतो, कोणी निम्मा, आणि दोघांचे आकडे शेजारी ठेवले तर वाईट काम चांगले दिसते. अशा इंजिनात पूर्ण झोल साधारण ०.०५ मिमीच्या आत असावा असे मी धरून होतो.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगर भागातल्या एका मिस्त्रींनी आकडा सांगितलाच नाही. ते म्हणाले, "साहेब, मोजल्याबिगर मी काही बोलत नाही. क्रँक घेऊन या, आधी तुमच्यासमोर मोजतो." दर विचारला तर तोही क्रँक बघून सांगू म्हणाले. भावाला हे टाळाटाळ केल्यासारखे वाटले. मला मात्र इतक्या फोनांत पहिल्यांदा कारागीर बोलतो आहे असे वाटले.

उद्यमनगरातली दुपार

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, पाऊस लागलेला असताना, फोंडाघाटातून राधानगरीमार्गे आम्ही क्रँक घेऊन गेलो. तेलात भिजवलेल्या फडक्यात गुंडाळून, वरून प्लास्टिक लावून, तो मी मांडीवरच घेतला होता; जोडलेला क्रँक डिकीत आदळत नेला तर वाटेतच आउट व्हायचा.

मिस्त्रींनी क्रँक दोन व्ही ब्लॉकवर, म्हणजे इंग्रजी व्हीसारखी खाच असलेल्या ठोकळ्यांवर, ठेवला, दोन्ही टोकांना दोन डायल लावले आणि हाताने सावकाश फिरवला. मॅग्नेटच्या, म्हणजे पुढच्या बाजूला काटा चार शतांश हलला, कपलरच्या, म्हणजे पंपाला जोडणाऱ्या मागच्या बाजूला अकरा. नंतर अंशांची चकती लावून दोन्ही पिनांचा कोन पाहिला, तर मागची पिन सुमारे दीड अंश सरकलेली होती. सगळे आकडे त्यांनी खडूने फळीवर लिहिले. मग विचारले, "उडवता काय याला?"

हा प्रश्न ज्याला सुचतो त्याने निम्मे निदान केलेले असते. स्की लाटेवरून उडते तेव्हा पंपाला पाणी मिळत नाही, इंजिनावरचा भार एकदम जातो आणि फेरे चढतात. खाली आपटताच पंप पाणी धरतो आणि फिरता क्रँक मागच्या टोकाला जणू पकडला जातो. असे शेकडो वेळा झाले की घट्ट बसवलेला सांधाही केसाकेसाने सरकतो. मग एका सिलिंडरची ठिणगी जागेवर आणि दुसऱ्याची लवकर किंवा उशिरा, असे इंजिन चालत राहते आणि दोष प्लगला, कार्बोरेटरला दिला जातो. भावाने खाली मान घालून कबूल केले की पर्यटकांना मजा वाटावी म्हणून पोरे संगमावर झटके मारतात.

त्यानंतर मिस्त्रींनी क्रँकमधली मधली सील दाखवली. दोन सिलिंडरांच्या खालची पोकळी एकमेकींपासून वेगळी राहिली पाहिजे, कारण टू-स्ट्रोकमध्ये तिथूनच हवा-पेट्रोलचे मिश्रण दाबले जाते. मधे रबरी सील नसते. खाचा पाडलेला धातूचा गाळा असतो, तो कशालाही न घासता निव्वळ बारीक फटीवर आणि तेलाच्या थरावर गळती रोखतो. आमच्या गाळ्यावर एका बाजूला चकाकी आली होती, म्हणजे क्रँक आउट असल्यामुळे तो कधीतरी टेकला होता. चालेल, पण नवा नाही, असा त्यांचा निर्णय होता, आणि तो त्यांनी आधीच सांगितला, काम झाल्यावर नाही.

सामान आम्ही आणायचे ठरले. इथे वेळ गेला, आणि तो जायलाच हवा होता. फक्त मागचाच रॉड बदलावा असे भावाला वाटत होते. पण खरा खर्च क्रँक उघडून ट्रू करण्याचा, म्हणजे पुन्हा सरळ रेषेत आणण्याचा असतो आणि खारे पाणी दोन्ही पोकळ्यांत गेले होते, म्हणून दोन्ही रॉड, दोन्ही पिना आणि सगळी बेअरिंगे नवी घेतली. बेअरिंगच्या बाजारात त्याच मापाचे बॉल बेअरिंग निम्म्या पैशांत मिळते. त्याच्या आतला मोकळेपणा साधा असतो, आणि टू-स्ट्रोकचा क्रँक तापल्यावर ते आवळते. इथे सी३ किंवा सी४ खुणेचे, जास्त मोकळे बेअरिंग लागते. शिवाय मूळ बेअरिंगच्या बाहेरच्या कड्याला केसमधली छोटी पिन बसण्यासाठी भोक असते, त्यामुळे कडे जागेवर फिरत नाही. बिनभोकाचे बेअरिंग घातले तर काही तासांत केसचा बोअर खाल्ला जातो, आणि मग क्रँक कितीही चांगला बांधलेला असो, त्याला बसायला जागा राहत नाही.

जुलैत काम झाले तेव्हा मी मुद्दाम उभा राहिलो. मधला सांधा आणि दोन्ही पिना प्रेसखाली निघाल्या. निघताना प्रत्येक पिनेने जो कडक आवाज केला त्यावरून चकत्यांची भोके अजून घट्ट आहेत हे मिस्त्रींनी ताडले, आणि तेवढ्यावर न थांबता बोअर गेजने मोजूनही दाखवले. नवा रॉड बसल्यावर ट्रू करण्याचे काम सुरू झाले. डायलचा काटा सर्वांत वर जाई तिथे ते चकतीवर खडूची रेघ मारत, क्रँक उचलून लाकडी ओंडक्यावर धरत आणि तांब्याच्या हातोड्याने एकच घाव घालत. पुन्हा ब्लॉकवर, पुन्हा काटा. नऊ शतांश, सहा, मग एकदम सात. मग त्यांनी घाव घातला नाही. दोन चकत्यांच्या मध्ये पाचर सरकवून त्या अगदी किंचित उघडल्या, आणि काटा चारवर आला. हे सगळे दीड तास चालले. तेवढ्या वेळात त्यांनी एकदाही फोन घेतला नाही.

शेवटी मॅग्नेट बाजू ०.०२ मिमी, कपलर बाजू ०.०३ मिमी, दोन्ही पूर्ण झोल. दोन पिनांचा कोन पाव अंशाच्या आत. हे आकडे, तारीख आणि उघडण्याआधीचे आकडे एका कागदावर लिहून त्यांनी सही करून दिला.

वेल्डिंगचा प्रश्न मी आधीच काढला होता. पिनेच्या सांध्याला बाहेरून डाग मारले की क्रँक पिळण्याची भीती पुष्कळ कमी होते, आणि शर्यतीच्या किंवा ताकद वाढवलेल्या इंजिनात मी तेच करायला सांगितले असते. पण डाग मारताना उष्णतेने क्रँक ओढला जातो, पुन्हा ट्रू करावा लागतो, आणि पुढच्या वेळी उघडायचा तर डाग कापताना चकती खराब होते. घट्टपणा मोजून पुरेसा निघाला होता आणि इंजिन मूळ स्थितीतले होते, म्हणून डाग न मारण्याचे ठरले. भावाने मात्र उड्या बंद करण्याची हमी द्यायची. ती त्याने दिली.

बसवण्याआधी

क्रँक परत आल्यावर भावाला तो त्याच दिवशी इंजिनात घालायचा होता. मी थांबवले, कारण नवा क्रँक जुन्या कारणांच्या स्वाधीन करण्यात अर्थ नव्हता. स्कीच्या तळाशी, कपलरच्या बरोबर खाली, काळी बारीक पूड साठलेली होती. ती इंजिन आणि पंपाच्या शाफ्टमधल्या रबराची होती. इंजिन आणि पंप एका रेषेत नसले की ते रबर असे भुगा होऊन पडते, आणि तोच हिसका मागच्या बेअरिंगला व ऑइल सीलला बसत राहतो. कपलर बाजूचा झोल मॅग्नेट बाजूपेक्षा जवळजवळ तिप्पट का होता, याचे निदान अर्धे तरी या पुडीत होते. रबर बदलले, सरळ पट्टी लावून आणि इंजिनाच्या माउंटखाली पातळ पत्रे घालून रेष जुळवली.

मग इंजिन पुन्हा जोडून, कार्बोरेटरची आणि सायलेन्सरची तोंडे रबराने आवळून, सायकलच्या पंपाने आत सहा पीएसआय दाबाची हवा भरली. काटा खाली येऊ लागला. साबणाचा फेस लावला तर मॅग्नेट बाजूच्या नव्या सीलच्या कडेला एक छोटासा बुडबुडा सावकाश फुगत होता. सील तिरके बसले होते. हा बुडबुडा सापडला नसता तर तिथून हवा ओढली जाऊन मिश्रण पातळ झाले असते, पिस्टन पकडला असता, आणि दोष उद्यमनगरच्या माणसाच्या माथी गेला असता. सील पुन्हा बसवल्यावर दहा मिनिटे काटा हलला नाही.

पहिल्या टाकीला इंजिनाच्या तेलपंपाखेरीज पेट्रोलमध्येही ५०ला १ या प्रमाणात तेल घातले, तेही पाण्यावरच्या इंजिनांचे टीसी-डब्ल्यू३ खुणेचे, आणि पूर्ण थ्रॉटल दिला नाही. शेडच्या भिंतीवर भावाने मोठ्या अक्षरांत लिहून लावले आहे: पाणी गेले तर प्लग काढा, पाणी उडवा, तेल मारा, त्याच दिवशी चालवून पूर्ण तापवा, पुन्हा तेल मारा, मगच ठेवा.

दिवाळी आणि नाताळ, दोन्ही गर्दीच्या मोसमांतून स्की चालली. जानेवारीत मी प्लगच्या भोकांतून डायल लावून, इंजिन न उघडता, दोन्ही पिस्टनांचे वरचे बिंदू पुन्हा तपासले. कोन जुलैत होता तिथेच आहे. मधल्या सीलची फट मात्र बाहेरून मोजता येत नाही. मिस्त्रींच्या कागदावर सहीखाली एक ओळ आहे, "मधला गाळा पुढच्या वेळी बदलणे", आणि तो गाळा सुटा सहज मिळत नाही, म्हणून चांगल्या गाळ्याचा एखादा जुना ७०१ चा क्रँक कुठे मोडीत निघतो का, यावर भाऊ गोव्यापर्यंत लक्ष ठेवून आहे.